सहाव्या नंबरची सरकारमान्य पसंती

नकार कसा पचवावा, यावर संतांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. अंमलबजावणीची यंत्रणा तेवढी कुणाकडं नव्हती. ती राज्याच्या सीईटी कक्षानं 2025-26 च्या इंजिनिअरिंग प्रवेशापासून उभी केली. आता फेऱ्या चार. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा ऑटो फ्रीज, म्हणजे मुकाट्यानं घ्यायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं कुठलंही लागलं तरी तेच. तिसरीत पहिल्या सहांतलं. आणि चौथीत जे पदरात पडेल ते. आवडनिवड तुमची, ती कितव्या नंबरापर्यंत ताणायची, ते शासन सांगणार.

आमच्या दाजींना हा नियम कळला, पण तिसऱ्या फेरीनंतर.

दाजींचं कोल्हापुरात, उद्यमनगरात मशिनशॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, दाजी त्याचं मशिनिंग करतात. दोन-चार मायक्रॉनचा फरक दिसला तरी जॉब बाजूला काढतील, इतका काटेकोर माणूस. पण पोराला सीईटीत 97 पर्सेंटाइल पडले म्हटल्यावर त्यांनी ते टक्के समजले आणि गल्लीभर पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर मी हिशेब मांडला. फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताच्या ग्रुपला चार लाखांवर पोरं बसतात. त्यांतली शेकडा तीन आपल्या पुढं, म्हणजे बारा हजारांवर पोरं पुढं. दाजी म्हणाले, “मेव्हणं, पेढे खाऊन वर असलं बोलायचं नसतं.”

ऑप्शन फॉर्म भरायला घरात जी बैठक बसली, तिला जिल्हा परिषदेच्या सभेइतकी उपस्थिती होती. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आमच्या घरात पर्याय एकच होता: पुणं, सीओईपी, कॉम्प्युटर. 1854 सालचं कॉलेज, आता तर विद्यापीठच झालंय. मुंबईचं व्हीजेटीआय दुसरं, पुण्यातली आणखी दोन तिसरी-चौथी, सगळीकडं कॉम्प्युटर. मेकॅनिकलचं नाव काढलं की दाजींचा चेहरा लेथवर हात अडकल्यासारखा व्हायचा. ज्या गावाची चूल निम्मी कास्टिंगवर पेटते, तिथला कारखानदार पोराला मेकॅनिकल सोडून काहीही शिकवायला तयार असतो. “मी तेलात हात घातलं तेवढं बास झालं,” असं त्यांचं म्हणणं.

आक्काचा पुण्यालाच विरोध. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून देतात, ते दूध सोडून पोरगं पिशवीतलं पिणार, ही तिची हरकत. दाजींच्या वडिलांनी नामदार गोखल्यांना मध्ये आणलं. गोखले आपल्या राजाराम कॉलेजात शिकले, मग हा का नको? राजारामात इंजिनिअरिंग नाही, हे सांगून उपयोग नव्हता. गोखले पुढं डेक्कन कॉलेजला आणि तिथनं मुंबईच्या एल्फिन्स्टनला गेले, हेही मी सांगितलं नाही. म्हातारा माणूस, उगाच कशाला.

पाचव्या नंबरला सांगलीच्या वालचंदचं कॉम्प्युटर घातलं. सांगली म्हटल्यावर दाजी उसळले. “सांगलीत काय ठेवलंय? हळद?” कोल्हापूरकराच्या लेखी सांगली म्हणजे पन्नास किलोमीटरवरचं परराष्ट्र. तरी नाव राहिलं. आणि मग कुणीतरी, बहुतेक मीच, म्हणालो की सहाव्याला तिथलंच मेकॅनिकल टाकून ठेवा, नंबर रिकामा कशाला सोडायचा. घराजवळच्या कॉलेजचं कॉम्प्युटर सातव्याला गेलं. “ते काय, हक्काचंच हाय,” दाजी म्हणाले.

पहिल्या फेरीत सहावं लागलं. दाजींनी सीट ॲक्सेप्टन्सचे हजार रुपये भरले आणि बेटरमेंट घेतलं, म्हणजे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या नंबरची वाट बघायची. दुसऱ्या फेरीत पुन्हा सहावं. पुन्हा बेटरमेंट. या पंधरवड्यात दाजींनी सगळ्या ओळखी वापरून पाहिल्या. एका माजी नगरसेवकाचं शिफारसपत्रही आणलं. ते नेमकं कुणाला द्यायचं, हे मात्र त्या नगरसेवकालाही सांगता येईना. गुणवत्ता यादी लावणारं सॉफ्टवेअर कुठल्या वॉर्डात राहतं, कुणाला ठाऊक?

तिसऱ्या फेरीत सहावं लागलं आणि स्क्रीनवर ऑटो फ्रीज आलं. सातव्या नंबरचं हक्काचं कॉम्प्युटर गेलं, कारण संगणकाच्या लेखी आमच्या घराण्याला सांगलीचं मेकॅनिकल त्याहून प्रिय होतं. तसं लेखी दिलं होतं आम्ही.

घरात एक रात्र कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर दाजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, “वालचंद! 1947 सालचं कॉलेज. देश स्वतंत्र झाला त्या सालातलं. कॉम्प्युटरचं काय, गल्लीत शेंबडं पोरगं कॉम्प्युटर करतंय. मशिन बनवायला डोकं लागतंय.” गिऱ्हाईक मान डोलावत होतं, त्याची पोरगीही बारावीला आहे. सांगलीची नाटकं, सांगलीचं वांगं, सांगलीकरांची शिस्त, सगळ्यांना एका रात्रीत भाव आला. आजोबांनीही गोखल्यांना निरोप दिला. नियमात चार फेऱ्या असतील. आमच्या घरानं पाचवी स्वतःच्या जिवावर काढली, आणि तिच्यात सहाव्या नंबरची बढती होऊन तो पहिला झाला.

सीओईपीबद्दल आता दाजी एवढंच म्हणतात, “पुण्यात पाणी कमी हाय.”

पोरगं या सगळ्यात गप्प होतं. त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं म्हणा. बॅग भरायला घेतली तेव्हा आक्का म्हणाली, हॉस्टेल कशाला, सांगली काय लांब आहे? पहाटे डबा देते, संध्याकाळी घरी. दाजींनी तर पासची चौकशीही करून आणली होती. शिवाय शनिवार-रविवार दुकानात बसलं की प्रॅक्टिकलही होतंय, हा त्यांचा जादा फायदा.

पोरगं मला जिन्यात गाठून म्हणालं, “मामा, मला कॉम्प्युटर बी नको होतं आणि मेकॅनिकल बी. मला सव्वादोनशे किलोमीटर पाहिजे होतं.”