आधी कोपऱ्यात

खिडकीची पांढरी फ्रेम पुसायला फडकं उचललं रे उचललं की मागून आवाज येतो, "थांबा. आधी कोपऱ्यात." वळून बघायची गरज नसते. आमच्या सोसायटीत ते अप्पा असतात. तुमच्याकडे नाव वेगळं असेल; नाकावर घसरलेला चष्मा आणि खिशातलं पेन्सिलीचं थोटूक मात्र तेच.

अप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. ३१ वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करून ते निवृत्त झाले आणि मग उरलेलं जग तपासायला घेतलं. नवीन काहीही वापरायचं तर आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं आणि उजेडात तिरकं बघायचं, ही त्यांची पद्धत. ती बरोबर आहे, हीच अडचण आहे. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

पंगतीत ते आमटी भातावर घेत नाहीत, आधी पानाच्या कडेला चमचाभर घेऊन थांबतात. नवा मलम आला की कोपराच्या आतल्या बाजूला. मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी सोफ्यावर न बसवता आधी गॅलरीतल्या खुर्चीत दहा मिनिटं बसवून ठेवलं होतं, असं सोसायटीत सांगतात. अतिशयोक्ती असेल. पण जावई अजूनही घरात आला की आपण होऊन कोपऱ्यातल्या खुर्चीकडे जातो, हे मी पाहिलं आहे.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि लाकडी खिडक्यांच्या जागी या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आल्या. माहितीपत्रकात 'मेन्टेनन्स-फ्री' असं छापलं होतं. "म्हणजे मेन्टेनन्स त्यांना नाही, आपल्याला आहे," असं म्हणून अप्पांनी पहिल्याच सभेत व्याख्यान दिलं. बागेतली होज पाइप पीव्हीसीची आणि ही खिडकीही पीव्हीसीचीच. पण होजमध्ये मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर घालतात, यात घालत नाहीत, म्हणून ही यूपीव्हीसी. पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. "तो रंग वरून फासलेला नाही, आतपर्यंत आहे. घासलंत तर रंग जाणार नाही, झिलई जाईल. मग त्या ओरखड्यांत धूळ येऊन कायमचा संसार थाटेल." भांड्यांच्या हिरव्या घासणीत बारीक खर असते, तिला खिडकीजवळ फिरकू द्यायचं नाही. तारेच्या घासणीचं नाव काढलं तर ते कानांवर हात ठेवत. तिचे कण फ्रेमवर राहतात आणि पहिल्या पावसात गंजतात.

एवढं जाणणाऱ्या माणसाच्या घरच्या खिडक्या कशा लखलखत असतील, असं वाटेल. जाऊन बघा. हॉलच्या खिडकीला एक चौकट आणि दोन सरकत्या झडपा, म्हणजे बारा कोपरे; अप्पांना स्वर्गच. खाली डावीकडे कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार थेंब. उजवीकडे खायचा सोडा. वर व्हिनेगर. मग टूथपेस्ट, काचेचा स्प्रे, शाम्पू, रिठ्याचं पाणी. प्रत्येक कोपऱ्याखाली पेन्सिलीनं नाव आणि तारीख. कोपरे मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे आणि मधली फ्रेम पाव बुडवलेल्या चहाच्या रंगाची. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ मायक्रोफायबर, हा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता. "मग आता मधलं पुसून टाका की," असं मी एकदा म्हणालो. अप्पांनी माझ्याकडे आलेल्या मालाकडे बघावं तसं पाहिलं. "रिठ्याचं अजून वाळलेलं नाही."

चौथं वर्ष चाललं आहे.

लोकांच्या खिडक्यांवर मात्र त्यांचा जीव. तळमजल्यावरच्या एकांनी नव्या फ्रेमवरची प्लॅस्टिकची फिल्म वास्तुशांतीनंतरही काढली नव्हती, आपण टीव्हीच्या रिमोटवरची काढत नाही तशी. दोन उन्हाळे गेले, फिल्म भाजून निघाली आणि तिचा गोंद चौकटीला घट्ट बसला. सुरीनं खरवडायच्या बेतात असताना अप्पा खोबरेल तेलाची बाटली घेऊन हजर. लावलं, थांबले, गोंद मऊ झाला, बोटानं वळ्या काढल्या, वर साबणाचं पाणी. झाला तेवढा भाग वीतभर. उरलेलं करायला घरच्यांना दोन रविवार लागले, पण ते दोन्ही रविवार अप्पा स्टूल टाकून समोर बसले होते.

त्यांना पळताना मी एकदाच पाहिलं. बी विंगमधल्या एका हुशारानं खिडकीच्या पन्हळीतलं शेवाळ काढायला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एका बादलीत कालवलं. वास जिन्यापर्यंत आला. अप्पांनी सगळ्यांना बाहेर काढलं, खोकत खोकत खिडक्या उघडल्या, आणि मग खाली पार्किंगमध्ये, अजून धाप लागलेली असताना सांगितलं, की आम्लात ब्लीच पडलं की क्लोरीन सुटतो. १९१५ साली यीप्रच्या लढाईत जर्मनांनी सोडला तोच. हुशार म्हणाला, "आधी कोपऱ्यात करून बघायला हवं होतं, नाही?" अप्पा ओरडले, "याला कोपरासुद्धा नाही!" सोसायटीच्या इतिहासातला एकमेव अपवाद.

आता माझं. दिवाळीच्या आधी ग्रिल रंगवणाऱ्याच्या ब्रशमधून ऑइल पेंटचे तीन थेंब फ्रेमवर पडले, ऐन मध्यावर. तो थिनरची बाटली विसरून गेला होता. अप्पा बँकेत गेलेले. असा मोका पुन्हा यायचा नाही म्हणून मी कापूस बुचकळला आणि थेट मध्ये घासला. थेंब गेले. त्यांच्याबरोबर तळहाताएवढी झिलई गेली, खालचं प्लॅस्टिक चिकट झालं, त्यात कापसाचे तंतू रुतले, आणि ते काढायला गेलो तर अंगठ्याचा ठसा उठला, आधार कार्डाला लागतो त्याहून स्पष्ट.

अप्पा आले. वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मी शिव्या खायला तयार होऊन उभा.

"प्लंबर पाइप जोडतो ना, तो चिकटवत नाही. त्याचं सोल्यूशन पाइपचा वरचा थर विरघळवतं आणि दोन तुकडे एक होतात," ते म्हणाले. "तुम्ही खिडकीला कापूस जोडलात."

एवढंच. मग बाही वर करून त्यांनी कोमट पाणी मागितलं आणि माझी ती खिडकी पुसायला घेतली. वरून खाली, जुन्या टूथब्रशनं रबराच्या कडा, पन्हळीतली माती आधी कोरडी ओढून मग ओलं फडकं. खराट्याची एक हिराची काडी मागितली आणि चौकटीच्या खालच्या बाजूची दोन भोकं टोकरली. पावसाचं पाणी बाहेर जायला ती ठेवलेली असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तीन पावसाळे मी पन्हळीखाली टॉवेल ठेवत होतो. भोकांतून सिमेंटचे खडे निघाले आणि अडकलेलं पाणी भुरकन गेलं. तीन तास. कोपरे, आणि मधलंही. अप्पा मधलं पुसत होते!

काकू चिवडा घेऊन आल्या, दारातच थांबल्या. "अगंबाई, पूर्ण?" मग मला म्हणाल्या, "आमच्या घरी नाही हो होत यांच्याकडून. लग्नाला दोन महिने झाले होते. माझ्या शालूवर चहा सांडला. यांनी कारखान्यातून कसलंसं सॉल्व्हंट आणलं आणि सरळ पदरावर ओतलं. चहा गेला, रंगही गेला. आईनं कर्ज काढून घेतलेला शालू."

"मग?"

"मग काय. मी एक शब्द बोलले नाही."

"तेच ना," अप्पा फडकं पिळत म्हणाले. ते पाणी निथळून गेल्यावरही बराच वेळ पिळत राहिले. काकूंनी चिवड्याची वाटी माझ्याकडे न देता त्यांच्यासमोर कट्ट्यावर ठेवली. त्यांनी आधी एक शेंगदाणा उचलला, चावला, थांबले.

जाताना त्यांनी खिशातलं थोटूक काढलं आणि माझ्या त्या निस्तेज डागाखाली, बारीक आणि सरळ अक्षरांत लिहिलं : 'थिनर. नको.' खाली तारीख.

पाहुणे आले की पहिली नजर तिथेच जाते. साध्या खोडरबरानं निघेल, असं बायको म्हणते. खोडरबर टेबलावरच आहे.