भूत माणसात बसलं की दाबायचं

नवा लायका कॅमेरा घ्यायचा तर एखादी चारचाकी विकावी लागते, आणि आमच्या घरी विकायला चारचाकी नाही. त्यामुळे लायकाचा मोह मला कधी झालाच नाही, असं मी चारचौघांत सांगतो. पण समजा, कुणी फुकट दिला असता तरी तो गळ्यात अडकवून संध्याकाळी सहा वाजता आमच्या शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून चालायची छाती झाली नसती. एका बाजूने गुलमंडीकडून घुसलेली रिक्षा, दुसऱ्या बाजूने मेथीच्या जुड्यांनी फुगलेल्या पिशव्या, मधून शाळेची वह्या-पुस्तकं घेऊन निघालेलं अख्खं कुटुंब. अशा ठिकाणी महागडा कॅमेरावाला फोटो काढत नाही, कॅमेरा सांभाळतो. माझा याशिका या सगळ्यांना धडकून शाबूत आहे. सगळा धातूच, वजन पाऊण किलोच्या आसपास. मला काळजी वाटते ती रिक्षाची.

याशिका इलेक्ट्रो ३५ हे मॉडेल १९६६ मध्ये जपानमधून निघालं. माझा जीएसएन म्हणजे त्याचा १९७३ चा अवतार. त्या सुमाराच्या वीस-एक वर्षांत जपान्यांनी असे कॅमेरे चिक्कार काढले: कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक, कोनिका ऑटो एस, ऑलिंपस ३५. लायकासारखंच रेंजफाइंडर पद्धतीने फोकस करायचं, पण लेन्स एकच आणि तीही कायमची बसवलेली. लेन्स बदलता येत नाही हा दोष आहे असं काहीजण म्हणतात. ज्यांच्या घरात डीएसएलआरवाला आहे त्यांना विचारून बघा, ते याला दोष म्हणणार नाहीत. आणि ती एकुलती एक लेन्स काय असावी! ४५ मिलिमीटर, १.७ ची. आज एवढा उजेड आत घेणारी लेन्स नुसती घ्यायला गेलात तर माझ्या अख्ख्या कॅमेऱ्याच्या कितीतरी पट पैसे पडतील.

स्वस्त म्हणून कुणी नाक मुरडलं की मी जॉन ग्लेनला पुढे करतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी हा अमेरिकन अंतराळवीर पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून आला. सोबत जो कॅमेरा नेला तो त्याने औषधांच्या दुकानातून चाळीसेक डॉलरला उचलला होता. नाव आन्स्कोचं, पण घडवलेला मिनोल्टाने, म्हणजे हाय-मॅटिकच. हातमोजे घालून चालवता यावा म्हणून तो उलटा करून त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली होती. अंतराळात जाणाऱ्याला मेडिकलवरचा कॅमेरा चालतो, आणि आमच्या सोसायटीतल्या काकांना सत्यनारायणाला आयफोनच लागतो.

माझा कॅमेरा मिळाला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. तिथे जुने नळ, मिक्सरची भांडी, एकेकटे बूट आणि हार्मोनियमचा भाता अशा शेजारात तो चामड्याच्या तपकिरी केसमध्ये पडला होता. विकणाऱ्या चाचांनी खटका दाबून दाखवला. "देखो साब, चालू है. जापान का माल है." इलेक्ट्रोची गंमत अशी, की बॅटरी नसतानाही खटका उडतो, फक्त एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागात. उन्हात फोटो येईल, सावलीत काळोख. त्यामुळे चाचा खोटं बोलत नव्हते आणि खरंही बोलत नव्हते. अशा बाजारात मी खिशात बॅटरी घेऊनच जातो. ती आत सरकवली, मागचं बारीक बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला! माझ्या चेहऱ्यावर तो उजेड पडू नये म्हणून मी आटोकाट प्रयत्न केला, कारण भाव अजून ठरायचा होता.

दुसरी परीक्षा कानाने घ्यायची. फिल्म पुढे सरकवायचा दांडा ओढला की आतून एक दमदार 'ठक्' ऐकू यायला हवा. आत रबराची एक चिमुकली गादी असते, ती पन्नास वर्षांत विरघळते आणि मग शटरचं गणितच बिघडतं. जगभरचे शौकीन तिला 'पॅड ऑफ डेथ' म्हणतात. भर बाजारात कॅमेरा कानाला लावून डोळे मिटून उभा असलेला इसम बघून शेजारचा बूटवाला म्हणाला, "फोन नहीं है साब वो." चाचांनी दोन हजार सांगितले होते, मी पाचशे म्हटलं, आणि दोघांनीही आपण लुटलो गेल्याचा चेहरा करून बाराशेला सौदा केला.

मूळची बॅटरी आता मिळत नाही. ती पाऱ्याची होती. जपानमधल्याच मिनामाटा गावी एका कारखान्याने पारा मिसळलेलं सांडपाणी समुद्रात सोडलं आणि तिथले मासे खाऊन हजारो माणसं आयुष्यातून उठली. पुढे २०१३ मध्ये त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारतही आहे. तेव्हा बॅटरी गेली ते उत्तमच झालं. सहा व्होल्टची आजची छोटी बॅटरी आणि उरलेल्या जागेत चॉकलेटची चांदी चुरगाळून कोंबली की पन्नास वर्षांचा म्हातारा ताडकन उठून बसतो. चॉकलेट अर्थात मलाच खावं लागतं. छंद म्हटला की हे आलंच.

मागच्या झाकणातून उजेड शिरू नये म्हणून लावलेला स्पंज मात्र काळा चिकट गूळ होऊन बसला होता. तो स्पिरिटने खरवडून खाचेत काळी लोकर भरायची, हा सर्वमान्य उपाय. औरंगपुऱ्यातल्या विणकामाच्या दुकानात गेलो. दुकानदार ताईंनी विचारलं, "स्वेटर कुणासाठी? किती गुंड्या देऊ?" मी म्हटलं, "दीड हात पुरे." कॅमेऱ्याला लावायचीय हे सांगितल्यावर त्यांनी लोकर फुकट दिली आणि माझ्यामागच्या बाईंकडे बघून काहीतरी खूण केली.

आता फोटो. डोळा लावला की मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाचं भूत. माणूस एकीकडे, भूत जरा बाजूला. लेन्सवरचं कडं फिरवत भूत सरकवायचं, ते माणसात नेमकं बसलं की दाबायचं. एवढंच रेंजफाइंडरचं शास्त्र. पण औरंगपुऱ्यातली माणसं थांबत नाहीत. जूनमध्ये तर नाहीच, कारण तेव्हा प्रत्येक आईच्या हातात शाळेने दिलेली पुस्तकांची यादी असते. भूत जागेवर पोचेपर्यंत त्या बाई पैठण गेटला पोचलेल्या असतात. माझ्या अल्बमात औरंगपुऱ्याचे उत्तम फोकस झालेले रिकामे रस्ते आहेत, आणि ते या शहरात कुणालाही खरे वाटत नाहीत.

ऐंशी सेंटिमीटरच्या अलीकडचं काही या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणजे इमरतीच्या बशीचा फोटो निघत नाही, ती खावी लागते. शिवाय आपण बघतो एका खिडकीतून आणि फोटो निघतो दुसऱ्या भोकातून, त्यामुळे लेन्सवर टोपण असलं तरी आपल्याला जग लख्ख दिसतं. टोपण लावून अख्खं लग्न टिपलेले काका प्रत्येक खानदानात एक तरी असतात.

खरी मजा दाबल्यावर सुरू होते. शटरचा आवाज इतका हळू, की समोरची मंडळी हसू गोठवून विचारतात, "काढला का?" काढला. "दाखवा." दाखवायला मागे काही नाही. माझ्या भाच्याने कॅमेरा उलटा केला, पुसला, पुन्हा उलटा केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच स्क्रीन काढून विकली असावी. मग त्याला कुठूनसं कळलं, की २०१२ च्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्ये पीटर पार्करकडे हाच इलेक्ट्रो ३५ आहे. त्या दिवसापासून घरात कॅमेऱ्याची पत वाढली. माझी आहे तिथेच आहे.

कॅमेरा बाराशेचा आणि रंगीत रोल हजाराच्या घरात, कधी त्याच्याही पुढे, फोटो छत्तीस. त्यामुळे मी बहुतेक कृष्णधवल रोल वापरतो आणि घरीच धुतो. डेव्हलपरचं पाणी वीस अंश असावं असं पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं थंड देशांतली आहेत. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला वेगळं तापवावं लागत नाही. म्हणून पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये जातात, आणि "अहो, हे सरबत आहे का तुमचं ते?" असा प्रश्न येतो. नंतर रोल वाहत्या पाण्याखाली धुवायचा. वाहतं पाणी! आमच्या शहरात नळाचं पाणी रोज येत नाही, मधे किती दिवस जातील ते सांगता येत नाही. इथे इल्फर्ड या इंग्रज कंपनीने आमच्यावर फार उपकार केले आहेत. डबीत पाणी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता; पुन्हा भरा, दहा वेळा; पुन्हा भरा, वीस वेळा. तीन डब्यांत फिल्म स्वच्छ. ही युक्ती त्यांनी आमच्या गल्लीत राहून शोधली असावी असा माझा दाट संशय आहे. उरलेलं पाणी रसायनाचं असतं, ते झाडांना घालू नका. आमच्या तुळशीच्या आसपासही मला आता फिरकू देत नाहीत.

एवढं करून फोटो येतात. सगळे नाही. पण जे येतात त्यांत मंडईतल्या आजींच्या कपाळावरचं गोंदण वेगळं मोजता येतं आणि मागची गर्दी हलकी विरघळलेली असते. असाच एक फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काकांचा लगेच निरोप आला: "सुंदर! कुठलं ॲप?"

तर वाचकहो, दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर आजोबांचा किंवा दुबईहून आलेल्या मामांचा असा एखादा कॅमेरा सापडला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बॅटरीचं झाकण उघडा. आत हिरवी बुरशी असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, दांडा ओढून 'ठक्' ऐका, आणि रोल घाला. ज्यांना इतका उटारेटा नको त्यांनी कॅमेरा माझ्याकडे आणून द्यावा. भाव मात्र मी सांगेन.