बस हवी, अजनीवनही हवं

झाडांच्या बाजूने तोंड उघडलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "काऊन, तुम्हाले बस नको का?" हवी आहे. शंभरदा हवी आहे. शहर बस वेळेवर यावी, थांब्यावर थांबावी, रात्री उशिराही मिळावी, यासाठी भांडायची आमची तयारी आहे. पण बसचं नाव पुढे करून कुऱ्हाड चालवायची, हे खपवून घेणार नाही.

अजनीवनाचं प्रकरण आठवा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला तिथे इंटरमोडल स्टेशन उभारायचं होतं. रेल्वे, मेट्रो, बस, सगळं एका ठिकाणी. कल्पना चांगलीच होती. जागा चुकली होती. रेल्वेच्या जुन्या वसाहतीत पिढ्यानपिढ्या वाढलेली झाडी तिथे उभी आहे. २०२१ मध्ये पहिल्या टप्प्यासाठीच सुमारे ५ हजार झाडं तोडायचा प्रस्ताव महापालिकेपुढे आला आणि शहर खडबडून जागं झालं. हजारो हरकती गेल्या. कॉलेजची पोरं, पक्षिमित्र, निवृत्त मंडळी एकत्र आली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पोहोचलं. अखेर अजनीतला तो आराखडा बारगळला. त्याआधी नागपुरातल्याच भरतवनाच्या झाडीतून जाणाऱ्या रस्त्यालाही लोक असेच आडवे गेले होते. अशा लोकांना विकासविरोधी म्हणणं हा निव्वळ कांगावा आहे.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोणत्याही उघड्या बसथांब्यावर जाऊन बघा. पारा ४५च्या आसपास. थांब्याचा लोखंडी बाक इतका तापलेला की हात टेकवत नाही. तोंडाला दुपट्टा बांधलेल्या बाया थांबा सोडून वीस पावलं मागे, कडुनिंबाखाली उभ्या असतात आणि बस दिसली की पळत सुटतात. घर ते थांबा हे अंतर चालता आलं नाही, तर गाडी कितीही गारेगार असो, तिच्यात बसायला येणार कोण? ज्याला परवडतं तो दुचाकी काढतो. नागपुरात सावली हा बससेवेचाच भाग आहे. ती तोडून प्रवासी वाढत नाहीत, घटतात.

"एक तोडू, दहा लावू" हे उत्तर आता पुरे. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची, असा नियम आला. ऐंशी वर्षांच्या झाडामागे ऐंशी रोपं. कागदावर ठीक. पण ती शहराबाहेर कुठल्या तरी माळावर लावली, तर अजनीतल्या म्हातारीला त्यांची सावली कशी पोहोचणार? आणि त्यातली किती जगली, हे पाचव्या वर्षी कोण मोजतं?

हा झगडा एकट्या नागपूरचा नाही. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या कोटन गावात शंभर वर्षांच्या फळबागेतून खास बसमार्ग न्यायचं ठरलं, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधीच असलेल्या रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका द्या. रस्त्यावरची जागा मोटारींकडून काढून घ्यायला हिंमत लागते. बाग बोलत नाही, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिच्याकडे वळते.

अजनीत रेल्वे स्टेशन आहे, वर्धा रोडवर मेट्रो आहे. या दोघांमध्ये छोट्या बस फिरवा, चालायला सलग फुटपाथ करा, त्यावरची अतिक्रमणं हटवा. याला मोठा नारळ फोडावा लागत नाही, म्हणूनच बहुधा हे काम मागे पडतं. पुढचा कोणताही आराखडा आणाल तेव्हा कोणतं झाड जाणार आणि ते वाचवायला कोणते पर्याय तपासले, हे पहिल्याच पानावर मराठीत छापा आणि हरकतींची सुनावणी त्या झाडांखालीच घ्या. दुपारी दोन वाजता.