चांदण्यांची आणेवारी

अहमदपुरात हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि तासभर टेकायला बाकडं. झोपायची सोय असते ते लॉज. परगावी जाऊन लॉजवर उतरणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडं पूर्वी लोकांना जरा शंकाच यायची. अख्ख्या गावात याला एक पाव्हणा नसावा? पुण्यात चुलतभाऊ, हैदराबादेत मावशी, संभाजीनगरला साडू, एवढ्यावर माणसाचा जन्म निघायचा. देवदर्शनाला निघालं तर भक्तनिवास होतं. शेगावला चादर स्वच्छ मिळते हे कळायला कुणाला तारे मोजावे लागले नाहीत. गल्लीतली चार माणसं जाऊन आलेली असायची आणि त्यांतलं एक तरी खरं बोलायचं.

पुढं पोरं नोकरीला लागली, सुना नोकरीला लागल्या आणि 'फॅमिली ट्रिप' नावाचा प्रकार नांदेड-लातूर रस्त्यानं गावात शिरला. पाव्हण्याच्या जागी मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये तारे. आता हे तारे वाचायचे कसे? जोशीबुवांच्या पंचांगात काही हे बसत नाहीत. त्यासाठी आमच्या गल्लीत अण्णा आहेत.

अण्णा रिटायर्ड तलाठी. त्या पदाला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यावर अण्णांचं म्हणणं एवढंच, "नाव लांबलं म्हणून सातबारा लवकर निघतो का?" पांढरा सदरा, खिशात एक लाल आणि एक निळा पेन, पुढ्यात फुलस्केप वही. एप्रिल लागला की पूर्वी सातबाऱ्यासाठी लागायची तशी रांग त्यांच्या ओट्यावर लागते. कुणी मोबाईल पुढं करून म्हणतो, "अण्णा, गोव्याचं हॉटेल हाय. चार पॉइंट पाच तारे." अण्णा चष्म्याच्या वरून बघतात. "तारे कशाला सांगलालाव? आणेवारी कोण लावली ते सांगा."

आणेवारी म्हणजे रुपयात किती आणे पीक आलं ते ठरवायची जुनी रीत. सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली, पण लोकांच्या तोंडी आणेच राहिले. ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचं दार किलकिलं होतं. त्यामुळं ज्याला सवलत पाहिजे त्याच्या रानात काडी उगवलेली नसते आणि ज्याला कर्ज पाहिजे त्याच्या रानात पीक मावत नसतं. कधी कधी दोघांचा बांध एकच असतो. अण्णांनी तीस वर्षं या दोन माणसांच्या मधून चालत खरं सोयाबीन शोधलं. "रिव्ह्यूचंही तेच," ते म्हणतात. "काय लिहिलंय ते मागून वाचा. ह्याला काय पाहिजे होतं, ते आधी बघा."

मला हे ज्ञान पैसे मोजून मिळालं. दोन वर्षांपूर्वी अण्णांना न विचारता मी थंड हवेच्या एका ठिकाणी चार पॉइंट आठवालं हॉटेल बुक केलं. गाडीतून उतरलो तर खोलीपर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या. आईचे गुडघे दुखरे. शेवटी दोघा जणांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पालखीसारखं वर नेलं आणि ती वाटभर "खाली ठेवा रे, मला लाज वाटलाली" म्हणत राहिली. 'दरीचं विहंगम दृश्य' होतं, पण बाथरूमच्या झरोक्यातून, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर.

परत आल्यावर अण्णांनी माझी उलटतपासणी घेतली.

"चार पॉइंट आठ म्हणजे रुपयात शहाण्णव पैसे. आपल्या तालुक्यात शहाण्णव पैसे आणेवारी लागलेली आठवती का?"

"नाही."

"मग तिथं कशी लागली? खातेदार किती होते?"

"एकतीस रिव्ह्यू होते."

अण्णांनी एकतीसही जबाब बोटानं ओळ धरून वाचले. त्यातले चोवीस हॉटेल सुरू झालं त्या पंधरवड्यातले निघाले. उरलेल्या सातांपैकी सहांमध्ये हनिमून हा शब्द होता. अण्णांनी वही मिटली. "हनिमूनवाल्याला पायऱ्या दिसत न्हाईत. त्याला बायको दिसती. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला घेऊन चालला होताव; गुडघेवाल्याचा जबाब शोधायचा होता."

त्या दिवसापासून मी अण्णांचा कोतवाल झालो.

त्यांच्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची नावंही पैसेवारीचीच आहेत. पहिली नजरअंदाज. हिच्यात तारे आणि खातेदारांची संख्या. तेवीस लोकांच्या चार पॉइंट नऊपेक्षा दोन हजार लोकांचा चार पॉइंट दोन त्यांना जवळचा. दोन हजार माणसं एका सुरात खोटं बोलायची तर त्यांना निदान एक ग्रामसभा घ्यावी लागेल, आणि ग्रामसभेला आपल्याकडं कोरम होत नाही.

दुसरी सुधारित. इथं वहीत रकाने पडतात: तारीख, जबाब देणारा, सोबत कोण, तक्रार, शेरा. पाच तारेवाला खूष, एक तारेवाला पेटलेला. दोघांनाही लिहायची हौस. मधला माणूस बहुतेक वेळा घरी जाऊन झोपतो. तरीही त्यातला जो उठून तीन तारे देतो, तो अण्णांचा लाडका. "पीक कापणीला प्लॉट कुठला धरायचा? मालक बोट दाखवील तो न्हाई." तीन तारेवाला म्हणतो, पोहे गरम होते, पंखा आवाज करतो, पार्किंगला जागा आहे पण वळवताना आरसा घासतो. असा माणूस खोटं कशाला बोलेल? आरसा घासल्याशिवाय आरसा सुचत नाही.

तारखेवर तर त्यांचा फार जीव. जुने जबाब गोड आणि नवे कडू असले की म्हणतात, "मधी फेरफार झालाय. मालक बदलला, न्हाईतर आचारी." आणि हंगाम. कोकणातल्या हॉटेलचा जानेवारीतला रिव्ह्यू मे महिन्याच्या माणसाला उपयोगाचा नाही. जानेवारीत कुणी लाईट गेल्याची नोंद घेत नाही, मे महिन्यात दुसरी नोंदच नसते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी मेच्या अखेरीला बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. त्यामुळं 'जुलैत गेलो, रोज ताजी सुरमई खाल्ली' असं कुणी लिहिलं की माळकरी अण्णा सुरमई म्हणजे काय हे न विचारता लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढतात.

मग चतुःसीमा. नकाशा मोठा करून पूर्वेला काय, पश्चिमेला काय. एकदा एका घरमालकाचं बुकिंग त्यांनी शेवटच्या घटकेला थांबवलं, कारण हॉटेलच्या उत्तरेला मंगल कार्यालय होतं आणि मे महिना लग्नाचा. "शांत परिसर म्हणून लिहिलेलाय," तो बिचारा म्हणाला. "लिहिणारा कवा गेला होता?" "ऑगस्टला." "चातुर्मासात सगळेच कार्यालयं शांत असतात."

तक्रार दिसली की तिच्या खाली कुणाचा गाव लिहिलाय ते शोधायचं. 'जेवण फार तिखट' असं बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्यानं लिहिलं की अण्णा निळ्या पेनानं लिहितात, 'तक्रार नाही, शिफारस.' 'भाकरी मिळाली नाही' असं लिहून एक तारा देणारा आपल्याच भागातला असणार म्हणून तो बाद. एकट्या माणसानं सांगितलेलं झुरळ ते सोडून देतात. पण चार वेगवेगळ्या महिन्यांत चार वेगवेगळी माणसं सकाळी पाणी नसतं म्हणाली, तर अंतिम निकाल तिथंच. पाण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवू नये. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं आम्ही बघितलंय. हॉटेलच्या फोटोत निळाशार पोहण्याचा तलाव दिसला की सुना 'वॉव' म्हणतात, अण्णा विचारतात, "आंघोळीचं कुठनं येतं?"

आणि एक नियम वज्रलेप. ज्या रिव्ह्यूत वेटरचं नाव घेऊन स्तुती आहे तो वाचायचाच नाही. मॅनेजर पोरांना सांगून ठेवतो, तुझ्या नावानं पाच तारे आण. पोरगं आपल्या बॅगा धरून दारात उभं असतं; अशा वेळी कोण नाही म्हणेल? "पंच फितूर," अण्णा म्हणतात आणि आडवी रेघ ओढतात.

एकदा त्यांना चकित करावं म्हणून मी लंडनची गोष्ट सांगितली. २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या पत्रकारानं आपल्या परसातल्या शेडला जेवणाचं हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवलं, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि जिथं कुणी घासभर जेवलं नव्हतं ते ठिकाण लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल झालं. अण्णा हलले नाहीत. "आपल्याकडं कागदावर विहिरी झाल्या, त्यांच्याकडं कागदावर हॉटेल झालं. आपल्या विहिरीला मात्र कुणी पाच तारे दिले न्हाईत."

मग मी शेवटचा पत्ता टाकला. खोट्या रिव्ह्यूंना आळा घालायला केंद्र सरकारनं २०२२ च्या नोव्हेंबरात मानकच काढलंय, आयएस १९०००. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे, कसे छापायचे, सगळं त्यात आहे. सरकारी क्रमांक ऐकून अण्णा ताठ बसले.

"बंधनकारक हाय का?"

"तसं नाही. स्वेच्छेनं पाळायचंय."

"मग ते परिपत्रक न्हाई," अण्णा पुन्हा टेकले. "सुविचार हाय."

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. अण्णा स्वतः कधी हॉटेलात राहिले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "सोयाबीन तरी मी कुठं पेरलं होतं?" गेल्या मे महिन्यात मात्र आम्ही त्यांना उचललंच. मालवणजवळचं हॉटेल त्यांनीच निवडलं. तिसरी पायरी, म्हणजे अंतिम, फोनवर पार पडली: तळमजल्यावरची खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, लाईट गेल्यावर पाणी कशानं चढतं, शाकाहारी जेवणाचं भांडं वेगळं का. पलीकडच्या माणसानं शेवटी विचारलं म्हणे, "साहेब, तुम्ही फूड लायसन्सवाले का?"

सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरून पोचलो. पायरी एकच होती. आई स्वतःच्या पायानं आत गेली आणि मी मनातल्या मनात अण्णांना पाच तारे दिले. पण अण्णा पंचनाम्यालाच आले होते. संध्याकाळपर्यंत वहीत आठ मुद्दे झाले. रात्री नववा झाला. पंखा. तो वारा कमी आणि खडखड जास्त देत होता. अण्णा व्हरांड्यात वही घेऊन बसले आणि दारातून त्यांनी आईला हाक मारली, "वैनी, झोप येलाली का?"

पाण्याचा जग घेऊन निघालेलं एक पोरगं जागच्या जागी थांबलं.

"कुठले ओ तुम्ही?"

"अहमदपूर. का रे?"

"येलाली म्हणलाव म्हणून. मी मुखेडचा."

जग खाली ठेवून पोरगं पायरीवर बसलं. दोन तास दोघं बोलत होते, मालवणच्या समुद्राकडं पाठ करून. अण्णांनी सवयीनं विचारलं, "तुमच्याकडं औंदा आणेवारी किती लागली?" पोरगं म्हणालं, "किती लागली माहीत न्हाई. मी इथं हाय, त्याच्यावरून बघा." अण्णांनी पेनाला टोपण लावलं. थोड्या वेळानं ते पोरगं उठून गेलं आणि स्वतःच्या खोलीतला टेबल फॅन घेऊन आलं. आईला झोप लागली. त्याला त्या रात्री लागली की नाही, याची नोंद वहीत नाही.

निघायच्या सकाळी पोरगं आमच्या बॅगा धरून दारात उभं होतं. काही मागत नव्हतं. अण्णांनी माझा फोन मागून घेतला आणि एका बोटानं, वीस मिनिटं लावून रिव्ह्यू लिहिला. पाच तारे. पोराचं पूर्ण नाव, गाव, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड. खाली एक ओळ: 'सदर मुलगा फार चांगला आहे.' नऊ मुद्द्यांमधला एकही नाही. खडखड करणारा पंखासुद्धा नाही.

यंदा एप्रिलात बँकेतले एक जण ओट्यावर आले. त्यांनी पुढं केलेलं हॉटेल नेमकं तेच. अण्णा बोटानं ओळ धरून वाचत खाली आले आणि एका जागी बोट थांबलं. वर नाव माझं होतं, पण तालुका-जिल्ह्यासकट रिव्ह्यू लिहिणारा माणूस महाराष्ट्रात एकच. मी रस्त्यावरून चाललेल्या म्हशी मोजू लागलो. अण्णांनी लाल पेन उघडला, तसाच धरला आणि पुन्हा बंद केला.

"पंच फितूर का, अण्णा?" बँकवाल्यांनी विचारलं. त्यांनाही नियम पाठ झालेत.

"जबाब खरा हाय," अण्णा म्हणाले. "पण पुराव्यात धरू नका. फोन करून विचारा. पंखा बदलला का विचारा. आणि ते पोरगं अजून तिथंच हाय का, तेवढं विचारा."