टॅपेट मिस्त्री

गाडी अजून बोळात वळायची असते, तेवढ्यात गॅरेजमधून आवाज येतो, "तिसरा वाजतोय!" मग बॉनेट उघडतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला टेकवून मिस्त्री डोळे मिटतो. त्या वेळी मालकाने बोलायचं नसतं, खोकायचंही नसतं.

नगरच्या माळीवाड्यात हा प्रकार अजून टिकून आहे, कारण जिल्ह्यात अ‍ॅम्बॅसॅडर टिकून आहेत. एके काळी साखर कारखान्याचा चेअरमन पांढऱ्या अ‍ॅम्बॅसॅडरवरून ओळखू यायचा. 2014 साली ही गाडी बनायची थांबली, तरी नवरदेव मिरवायला एखादी निघतेच. करंजी घाट चढून आली की ती कटकट करायला लागते आणि मिस्त्रीच्या दारात येते.

इंजिन 1489 सीसीचं, व्हॉल्व्ह आठ, टॅपेटचा गॅप 15 थाऊ. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. हँडल मालकानेच मारायचं. "हळू, सर. हां, एक नंबर पुरता दबला. आता आठ धरतो." दबलेला आणि सेट करायचा, दोघांची बेरीज नऊ. तीन दबला की सहा, पाच दबला की चार. शाळेत गणितात नापास झालो ते नऊच्या पुढचं विचारल्यामुळे, असं मिस्त्रीचं म्हणणं आहे. चेक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर फिलरची पाती पुन्हा घालून बघायची. तोवर सरांचा शर्ट भिजलेला असतो.

एवढं करून बारीक टिकटिक उरतेच. ती पार घालवा म्हटलं की मिस्त्री भडकतो. "वाजणारा परवडला, सर. गप बसलेला लई वाईट, व्हॉल्व्ह जाळतो!" यात खोटं काही नाही. गॅप उरला नाही तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. फटीतून जळता गॅस सुटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो.

पंचाईत अशी, की हा नियम तो माणसांनाही लावतो. भाचीला बघायला आलेला मुलगा फार बोलेना, तर याने तिथल्या तिथे निकाल दिला, "टाइट आहे." मंडळींनी एकदा अबोला धरला, तेव्हा गॅरेज बंद करून हा घरी बसला आणि "निदान भांड तरी" म्हणून विनवत राहिला.

त्याला खरी धास्ती आहे ती हायड्रॉलिक टॅपेटची. तिथे गॅप तेलाच्या दाबाने आपोआप भरतो. तशी एक वाजणारी गाडी आली. मिस्त्रीने ऐकलं, काळंकुट्ट तेल काढून नवं घातलं. थोड्या वेळाने आवाज गेला. मालक खूश, मिस्त्री सुतकात. पाना लागलाच नाही, मग बिल कशाचं करायचं?

पाहुणे आले की तो त्यांना रणगाडा संग्रहालयात नेतो. पाहुणे रणगाडे बघतात, हा रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या चिलखती गाडीपाशी मान तिरकी करून उभा. रखवालदार ओरडला, हात लावू नका. "हात कोण लावतंय? कान लावतोय!"

तुम्ही त्याच्याकडे गाडी नेणार असाल, तर जुना शर्ट घाला आणि पोटभर तक्रार करा. गप्प गिऱ्हाइकाची गाडी तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही.