खीर वरूनच करपवावी

सुत्लाच घरी करायला घेण्यापूर्वी पुढील प्रतिज्ञा करावी : मी याला तांदळाची खीर म्हणणार नाही, निदान तुर्की माणसासमोर तरी नाही. नावाची फोड केली तर 'सुत' म्हणजे दूध आणि 'आश' म्हणजे शिजवलेलं अन्न, म्हणजे चक्क दूधभात. हेही मोठ्याने बोलू नये.

वेलची, चारोळी, जायफळ कपाटात ठेवून कुलूप लावावे. केशराचा हट्टच असेल तर त्यांच्याकडे लग्नकार्यातलं पिवळंधमक झेर्दे आहे. त्यात तांदूळ असतो पण दूध नसतं. 'दुधात काहीही चालतं' अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी 'तावुक ग्योसू'ची चौकशी करावी. ती कोंबडीच्या छातीचे धागे घातलेली गोड दुधाची खीर आहे. मी जेवून झाल्यावर चौकशी केली.

तांदूळ बाल्दो जातीचा लागतो : जाडसर, चिकटपणाकडे झुकणारा. बासमती नको, मोकळं शिजण्याचा त्याचा गुण इथे नडतो. बाल्दो मिळत नसेल तर गावभर फिरू नये. तुर्कीत म्हण आहे, दिम्यातला तांदूळ आणायला गेला आणि घरचा बुलगूर घालवून बसला. दिम्यात हे इजिप्तमधलं बंदर. एके काळी तिथून तांदूळ येई. तेव्हा डब्यातला इंद्रायणी काढावा.

प्रमाण : दूध 1 लिटर, म्हशीचं असल्यास हरकत नाही. तांदूळ कमरेत बारीक अशा तुर्की चहाच्या ग्लासाने एक, म्हणजे साधारण 100 मिली. साखर पाण्याच्या ग्लासाने पाऊण. तांदळाचं पीठ दोन चमचे. हे आकडे माझे आहेत. इस्तंबूलला मी राहत होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तेयझेने मला आकडा म्हणून दिला नाही. (तेयझे म्हणजे मावशी. तिथेही नातं नसलं तरी वयाने मोठ्या बाईला मावशीच म्हणतात.) किती साखर, विचारलं की ती म्हणे, "गोझ करारी." म्हणजे डोळ्याचा निर्णय. 'करार' हा शब्द आपल्याकडेही आहे, पण आपण तो स्टॅम्पपेपरवर करतो.

तांदूळ आधी नुसत्या पाण्यात मऊ शिजवावा. मग दूध. मग मंद आच, लाकडी चमचा आणि फोन दुसऱ्या खोलीत. साखर शेवटी, कारण ती लवकर पडली की तांदूळ रुसतो आणि कडकच राहतो. पीठ थंड दुधात कालवून धारेने सोडावे. मिश्रण अजून पातळच वाटतंय, असं मनात येईल त्याच क्षणी गॅस बंद करावा. इथे मराठी हात हमखास चुकतो. आपण खीर आटवतो. आटवण्यात आपल्याला पुण्य दिसतं. सुत्लाच थंड झाल्यावर आपण होऊन घट्ट होतं. माझ्या पहिल्या खेपेत चमचा उभा राहिला होता.

आता मुख्य संस्कार. मिश्रण मातीच्या वाट्यांत ओतावे, वाट्या खोल ट्रेमध्ये ठेवून त्यात अर्ध्या उंचीपर्यंत थंड पाणी भरावे आणि ओव्हनची फक्त वरची आच पूर्ण चालू करावी. खाली पाणी, वर अग्नी. पाण्यामुळे बुडाचं दूध शांत राहतं आणि वरची साय आधी फुगते, मग तांबूस होते, मग तिच्यावर काळे डाग पडू लागतात. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर आजीची बोलणी खाल्ली ती इथे मुद्दाम करायची आहे. ओव्हन उघडायला हात शिवशिवेल; मागे बांधून ठेवावा. बिबट्याच्या पाठीसारखं दिसलं की बाहेर काढावे.

मग थंड करून किमान चार तास फ्रिजमध्ये. गरम खाऊ नये. दुधाने तोंड पोळलेला तुर्की माणूस दही फुंकून खातो; आपला ताक फुंकून पितो. अनुभव दोन्हीकडे सारखाच दिसतो. त्राब्झोनजवळच्या डोंगरातलं हमसीक्योय हे गाव याच पदार्थासाठी नावाजलेलं आहे, तिकडे वर हेझलनटचा भरडा पेरतात. हमसी ही काळ्या समुद्रातली मासळी, पण घाबरू नये, वाटीत ती नसते.

माझी तिसरी खेप मी तेयझेकडे नेली. वरचे डाग अगदी हवे तसे होते. तिने चमच्याने साय फोडली, तळापर्यंत गेली, चाखलं आणि म्हणाली, "दिबी तुत्मुश." बुडाने धरलंय. पातेल्यातच खाली लागलं होतं. मी वरच्या आचेच्या काळजीत होते.

त्यांच्याकडे बुडाला मुद्दाम लागू दिलेल्या खिरीला 'कझानदिबी', म्हणजे कढईचं बूड, असं मानाचं नाव आहे आणि ती दुकानांत विकली जाते, हे मला तोवर कळलं होतं. मी लगेच म्हटलं, "तेयझे, हे कझानदिबीच आहे."

तिने चमच्यावरचा तांदळाचा दाणा माझ्यासमोर धरला. "पोरी, कझानदिबीत शितं नसतात."