हायलाइफच्या घरच्या भानगडी

"वहिनी, काल रात्री काय लावलं होतं हो तुमच्याकडे? आमचे हे पेपर बाजूला ठेवून चक्क पाय हलवत बसले."

"हायलाइफ. भावजी लागोसहून आलेत ना, त्यांचा उद्योग. पश्चिम आफ्रिकेतलं संगीत, मूळ घानाचं."

"अगदी अस्सल तिथलं?"

"छे हो, तिथेच तर गोम आहे! एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी घानाच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत वेस्ट इंडीजचे सैनिक आणून ठेवले. फावल्या वेळात ते बँडवर आपल्या बेटांच्या चाली वाजवायचे. गावातल्या वादकांनी त्या उचलल्या. मग लायबेरियाचे क्रू जमातीचे खलाशी बोटीवरून गिटार घेऊन उतरले. नुसता अंगठा आणि एक बोट, एवढ्यावर छेडायचे. ते वादन ताडीच्या अड्ड्यांवर रुजलं. आता सांगा, माहेर कुठलं म्हणायचं याचं?"

"आणि वर घराण्याचा तोरा असेलच!"

"नसेल कसा! शहरात बड्या लोकांचे नाच व्हायचे. डोक्यावर उंच हॅट, तिकीट साडेसात शिलिंग. ज्यांना परवडायचं नाही ते बाहेर उभे राहून बघायचे. हायलाइफ हे नाव त्यांनीच ठेवलं म्हणतात."

"बाहेर उभे राहणारेच नावं ठेवतात. आपलंच बघा की."

"ऐका तर. मग आला ई. टी. मेन्सा. शिक्षणाने फार्मासिस्ट, जीव सगळा ट्रंपेट-सॅक्सोफोनमध्ये. त्याच्या 'टेंपोज' बँडमधला ड्रमर गाय वॉरन, त्याने लंडनहून बोंगो आणि क्यूबाचे ताल आणले. 1950 च्या सुमारास मंडळी नायजेरियात गेली. लागोसचे बँड तेव्हा साहेबाच्या फॉक्सट्रॉटमध्ये गुंतलेले. यांना ऐकलं आणि तेही हायलाइफ वाजवायला लागले. 1956 मध्ये तर खुद्द जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग घानाच्या राजधानीत, अक्राला येऊन मेन्साबरोबर वाजवून गेला."

"म्हणजे घाना-नायजेरियाचं अगदी गूळपीठ!"

"कसलं हो! 1969 मध्ये घानाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांची मुदत दिली. त्यात नायजेरियाचे कितीतरी. 1983 मध्ये नायजेरियाने तेच केलं, घानाचे दहा लाखांच्या वर लोक गेले. चौकड्यांच्या पिशव्यांत संसार भरून. त्या पिशवीला तिकडे अजून 'घाना मस्ट गो' म्हणतात. आणि जोलोफ भात कुणाचा चांगला, यावर तर रोजच जुंपते."

"भाताचं मी समजू शकते."

"पण खरी बातमी पुढेच आहे. या दोन हकालपट्ट्यांच्या मधे, 1976 मध्ये, 'स्वीट मदर' आलं. गाणारा प्रिन्स निको एम्बार्गा. आई नायजेरियाची, बाप कॅमेरूनचा. नायजेरियातल्या यादवीत, बियाफ्राच्या युद्धात, हा कॅमेरूनला गेला, तिथे हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवलं, कांगोच्या गिटारचं वळण हाताला लागलं. ते घेऊन परतला आणि हायलाइफमध्ये मिसळलं. गायला पिजिनमध्ये, तिकडच्या मिश्र इंग्रजीत, म्हणजे लागोसच्या बसवाल्यापासून अक्राच्या कोळणीपर्यंत सगळ्यांना कळावं. काल तेच लावलं होतं."

"विषय काय?"

"आई, आणि तिने काढलेले कष्ट. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने आधी नाकारलं होतं."

"आईचं गाणं नाकारलं? नतद्रष्ट मेले!"

"मग लाखोंनी खपलं की. पण बिचाऱ्याच्या बँडमधल्या कॅमेरूनी वादकांना नायजेरियातून बाहेर काढलं. त्याने नवा बँड उभा केला, पण पहिल्यासारखं यश काही मिळालं नाही."

"बाई बाई! ज्यांच्यामुळे गोडी आली त्यांनाच घालवलं? पण वहिनी, तुमचं मत काय? घानाचं की नायजेरियाचं?"

"भावजी नायजेरियाचं मीठ खातात, त्यांना विचारू नका. मी म्हणते, जन्म घानाचा, हे नायजेरियाने मुकाट कबूल करावं. पण सगळ्यात लाडकं गाणं निघालं ते कॅमेरूनी बापाच्या लेकाकडून, नायजेरियात. तिथे घानाने गप्प बसावं."